मिठापासून औषधापर्यंत : प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांचे जीवन

मीठ कोणाला ठाऊक नाही? आपल्या पेण तालुक्यातील खाडीकाठच्या मिठागरांचे नाव तर फार जुने आहे. भरतीचे पाणी आगरात घ्यायचे, उथळ वाफ्यांत उन्हाला ठेवायचे, आणि पाणी आटले की पांढरे शुभ्र मीठ ओढून राशी करायच्या. हे काम आपल्या भागातील माणसांनी पिढ्यान् पिढ्या केले. या मिठात एक असे द्रव्य दडलेले आहे की ते मोकळे झाले तर हिरवट-पिवळा, घशाला जाळणारा विषारी वायू होते. त्याचे नाव क्लोरीन. हाच क्लोरीन सोडियमशी बांधला गेला की आपल्या जेवणातील मीठ होतो, आणि विरलेल्या चुन्यात मुरवला की गावच्या विहिरीत टाकायची टीसीएल पावडर होतो.

क्लोरीन, फ्लोरीन, ब्रोमीन व आयोडीन ही एका कुटुंबातील भावंडे होत. शास्त्रज्ञ या कुटुंबाला हॅलोजन म्हणतात. मीठ घडवणारे, असा त्या ग्रीक शब्दाचा अर्थ आहे. या कुटुंबाशी ज्यांच्या आयुष्याचा मोठा भाग जोडला गेला, आणि ज्यांनी या द्रव्यांचा उपयोग प्रयोगशाळेच्या बाहेर आणून मुंबईच्या प्लेगमध्ये, कापडाच्या रंगाईत आणि औषधांच्या कारखान्यात करण्याची खटपट केली, त्या प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचे चरित्र मी येथे थोडक्यात सांगणार आहे.

प्रथम एक गोष्ट प्रांजळपणे सांगतो. मी कला शाखेचा पदवीधर. रसायनशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु शास्त्राचे शिक्षक रजेवर असले की त्यांचा तास घेण्याची पाळी माझ्यावर येते. अशाच एका तासाला मी हॅलोजनचा धडा शिकवीत होतो. दुसऱ्या दिवशी एक पालक भेटायला आले. ते सुतारकाम करतात. मुलाला आता शाळेतून काढून हाताखाली घ्यावे असे त्यांच्या मनात होते. क्लोरीन आणि आयोडीन शिकून सुताराच्या मुलाला काय मिळणार, असा त्यांचा प्रश्न होता. त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. मागाहून वाचताना गज्जरांचे चरित्र हाती आले, आणि मला वाटले की उत्तर येथे आहे. कारण गज्जर हे स्वतः सुताराच्या कुळात जन्मले होते.

त्रिभुवनदासांचा जन्म १८६३ साली सुरत शहरी झाला. गज्जर हे गुजरातेतील सुतारकाम करणाऱ्या समाजाचे नाव आहे. वडील कल्याणदास हे लाकडाचे व बांधकामाचे चांगले जाणकार होते आणि त्यांना जुन्या शिल्पशास्त्राचीही आवड होती. म्हणजे घरात रंधा आणि करवत होती, तशी पोथीही होती. कोणते लाकूड पाण्यात टिकते, कोणते उन्हात तडकते हे ज्ञान अशा घरात मुलाला बोलण्यातूनच मिळते. हाताने करावयाचे काम हलके आणि पुस्तकातील विद्या तेवढी श्रेष्ठ, हा आपल्याकडचा जुना भेद त्रिभुवनदासांच्या मनात कधी रुजला नाही. त्याचे मूळ या घरात आहे असे मला वाटते.

सुरतेचे शिक्षण संपवून ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात आले. त्यांनी रसायनशास्त्र हा विषय धरला आणि त्यात एम. ए. केले. त्या काळी हुशार विद्यार्थी वकिलीकडे किंवा सरकारी नोकरीकडे वळत. रसायनशास्त्र शिकून करायचे काय, हा प्रश्न तेव्हाही होताच. देशात रसायनाचे कारखाने जवळपास नव्हते. रंग परदेशातून येई, औषध परदेशातून येई, कापड विरंजन करण्याची पावडरसुद्धा बोटीने येई. नोकरी करून निश्चिंत बसण्यापेक्षा आपल्या माणसांना हे उद्योग शिकवावेत अशी त्रिभुवनदासांची इच्छा होती.

येथे त्या काळच्या हॅलोजनविषयीच्या ज्ञानाचा थोडा परिचय करून घेतला पाहिजे. १७७४ साली स्वीडनमधील औषधविक्रेते शेले यांनी मीठाच्या तेजाबाची एका काळ्या खनिजाशी, म्हणजे मँगनीज डायऑक्साइडशी, प्रक्रिया करून क्लोरीन वायू प्रथम मिळवला. तो मूलद्रव्य आहे हे डेव्ही यांनी १८१० मध्ये दाखवून दिले. १८११ मध्ये फ्रान्समधील कूर्त्वा यांना समुद्रशेवाळाच्या राखेतून आयोडीन सापडले. १८२६ मध्ये बालार या तरुणाने मिठागरातील पाण्यातून ब्रोमीन काढले. मीठ धरल्यावर जे कडवट पाणी शिल्लक राहते ते आपण टाकाऊ समजतो. ब्रोमीनचा शोध लागला तो तसल्याच पाण्यात. सर्वांत द्वाड भावंड म्हणजे फ्लोरीन. त्याला मोकळे करण्याच्या प्रयत्नात अनेक शास्त्रज्ञांनी प्रकृती गमावली. शेवटी १८८६ मध्ये पॅरिस येथे म्वासाँ यांना यश आले. आपले गज्जर त्याच सुमारास बडोद्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागले होते. विद्यार्थी आज जो धडा तयार विषय म्हणून पाठ करतात, तो त्यांच्या डोळ्यांदेखत पुरा होत होता.

या चारही मूलद्रव्यांच्या अणूच्या बाहेरील कवचात सात इलेक्ट्रॉन असतात. आठवा मिळाला की अणू स्थिर होतो. म्हणून ही मंडळी दुसऱ्याकडून एक इलेक्ट्रॉन घेण्यासाठी सदैव आतुर असतात. फ्लोरीन सर्वांत उतावीळ, मग क्लोरीन, मग ब्रोमीन आणि आयोडीन त्या मानाने शांत. म्हणूनच पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात क्लोरीन सोडला की तो आयोडीनला हुसकावून त्याची जागा घेतो, आणि बिनरंगी द्रावण तपकिरी होते. त्यात भाताच्या पेजेचे चार थेंब टाकले की ते गर्द निळे-काळे होते. हा प्रयोग मी वर्गात केला तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही उठून पुढे आली.

बडोद्याला त्या वेळी महाराज सयाजीराव गायकवाड राज्य करीत होते. शिक्षणाविषयी त्यांची तळमळ सर्वांना ठाऊक आहे. गज्जरांची उद्योगशिक्षणाची कल्पना महाराजांना पसंत पडली आणि १८९० साली बडोद्यास कलाभवन ही संस्था सुरू झाली. गज्जर तिचे पहिले प्रमुख झाले. तेथे रंगकाम, विणकाम, चित्रकला, शिल्प, यंत्रकाम असे विषय शिकवले जात. पुढे चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून ज्यांची कीर्ती झाली ते आपले दादासाहेब फाळके हेही कलाभवनाचे विद्यार्थी होते, हे मराठी वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. हीच संस्था नंतर बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठात अभियांत्रिकी व तंत्रशास्त्राची शाखा म्हणून सामील झाली.

कलाभवनाचे विशेष दोन होते. पहिले असे की तेथे शिक्षण देशी भाषेतून दिले जाई. कारागिराच्या मुलाला इंग्रजी येत नाही म्हणून त्याला रसायन समजणार नाही, हे गज्जरांना मान्य नव्हते. शास्त्रीय विषयांची पुस्तके गुजरातीत व्हावीत म्हणून त्यांनी सयाजी ज्ञानमंजूषा ही ग्रंथमाला काढण्यात पुढाकार घेतला. दुसरे विशेष असे की पुस्तकातील धडा आणि हातातील काम एकाच छपराखाली होते.

रंगकामाचेच उदाहरण घ्या. कोरे कापड पिवळट असते. त्यावर रंग नीट चढावा म्हणून आधी ते पांढरे करावे लागते. पूर्वी यासाठी कापड दिवसेंदिवस उन्हात पसरून ठेवीत. क्लोरीनचा शोध लागल्यावर, आणि १७९९ मध्ये टेनंट यांनी विरलेल्या चुन्यावर क्लोरीन सोडून विरंजक चूर्ण तयार केल्यावर, हे काम काही तासांवर आले. क्लोरीन पाण्यात मिसळला की हायपोक्लोरस आम्ल तयार होते आणि ते रंगद्रव्याचे ऑक्सिडीकरण करून रंग घालवते. परंतु प्रमाण चुकले तर रंगाबरोबर धागाही कुजतो. किती चूर्ण, किती वेळ, आणि नंतर किती पाण्याने धुवायचे, याचा हिशेब कारागीर अनुभवाने जाणतो. त्याच्या मागचे कारण रसायनशास्त्र सांगते. दोन्ही एकत्र आली तर माल बिघडत नाही, हे गज्जर आपल्या विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवीत.

पुढे गज्जर बडोदे सोडून मुंबईस आले आणि विल्सन कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. याच काळात मुंबईवर मोठे संकट कोसळले. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचा रोगी आढळला. पाहता पाहता साथ शहरभर पसरली. लाखो माणसे मुंबई सोडून गावोगाव गेली. आपल्या कोकणातील, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील, कित्येक घरांतील कर्ते पुरुष मुंबईत नोकरी-धंद्याला होते. त्यांच्या घरी त्या वर्षांत काय काळजी असेल याची कल्पना करता येते. प्लेगच्या साथी पुढे अनेक वर्षे येत राहिल्या आणि देशात एक कोटीहून अधिक माणसे त्यांत दगावली.

त्या वेळी प्लेगवर औषध नव्हते. रोगजंतू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे नुकता ओळखला गेला होता. पण तो शरीरात शिरल्यावर त्याला मारायचे कसे, हे कोणालाच माहीत नव्हते. हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोकांच्या मनात लसीची भीती होती. ती जावी म्हणून तिसरे आगाखान सर सुलतान महंमद शाह यांनी सर्वांसमक्ष टोचून घेतले. गज्जर मात्र डॉक्टर नव्हते, रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी आपल्या परीने दुसरी वाट धरली. आयोडीन ट्रायक्लोराइड हे संयुग त्यांनी प्लेगवर औषध म्हणून पुढे आणले.

हे संयुग हॅलोजन कुटुंबातील दोन भावंडांच्या मेळातून होते. आयोडीनवर कोरडा क्लोरीन सोडत गेले की प्रथम तांबडा-तपकिरी पदार्थ होतो. क्लोरीन आणखी सोडला की त्याचे पिवळे स्फटिक बनतात. तेच आयोडीन ट्रायक्लोराइड. त्याला तिखट वास असतो, थोड्या उष्णतेने ते क्लोरीन सोडू लागते, आणि कातडीला लागले तर भाजते. मात्र पुष्कळ पाण्यात अगदी थोडे विरघळवले तर ते जंतुनाशक ठरते. जर्मनीत बेरिंग यांनी १८९० च्या सुमारास घटसर्पावरील आपल्या प्रसिद्ध प्रयोगांत याच द्रव्याचा उपयोग केला होता. तेव्हा गज्जरांची कल्पना केवळ अंदाजाने केलेली नव्हती. त्या काळच्या शास्त्राला ती धरून होती.

या औषधाने त्यांचे नाव सर्वत्र झाले. परंतु येथे खरे ते सांगितलेच पाहिजे. आयोडीन ट्रायक्लोराइड हे प्लेगवरचे रामबाण औषध ठरले नाही. बाटलीतील जंतू मारणे आणि माणसाच्या रक्तातील जंतू मारणे यांत फार अंतर आहे. जे द्रव्य जंतूला जाळते ते शरीराच्या पेशीलाही सोडत नाही. प्लेगवर खरा इलाज स्ट्रेप्टोमायसिनसारखी प्रतिजैविके आल्यावरच, म्हणजे १९४० नंतर, सापडला. तोवर गज्जरांना जाऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. थोर माणसाच्या चरित्रातून आपण त्याचा अपुरा राहिलेला प्रयत्न गाळून टाकतो आणि मुलांना वाटते की मोठी माणसे कधी चुकतच नाहीत. ते बरोबर नाही. साथीच्या दिवसांत ज्याला जे येत होते ते घेऊन तो पुढे आला, हे त्या प्रयत्नाचे मोल आहे.

त्याच काळातील दुसरी एक घटना सांगण्यासारखी आहे. मुंबईच्या फोर्ट भागात राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा होता. बडोद्याचे खंडेराव महाराज यांनी तो शहराला दिला होता. १८९६ मध्ये रात्रीच्या वेळी कोणी तरी त्याला डांबर फासले. हे काम पुण्याच्या चापेकर बंधूंनी केले होते, हे पुढे उघड झाले. डांबराचे डाग काही केल्या निघेनात. येथे अडचण रसायनाची होती. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्याला मिठाचे आम्ल, म्हणजेच हायड्रोक्लोरिक आम्ल, लावले तर फसफसून दगडच विरघळतो. डाग जाईल पण नाकडोळेही जातील. दगड राखून डाग काढायचा होता. इतरांनी हात टेकले तेव्हा गज्जरांनी ते काम करून दाखवले. डांबर फासणाऱ्यांच्या मनात परक्या राज्याविषयीचा राग होता, आणि डाग काढणाऱ्याला आपल्या विद्येचा अभिमान होता. एका हिंदी रसायनशास्त्रज्ञाला जे जमले त्याची चर्चा परदेशातही झाली. हिंदी माणसाला शास्त्र पाठ करता येते, वापरता येत नाही, असा जो समज होता त्याला यामुळे धक्का बसला.

मिळालेल्या कीर्तीचा व पैशाचा उपयोग गज्जरांनी कसा केला हे महत्त्वाचे आहे. शतक बदलण्याच्या सुमारास त्यांनी मुंबईत गिरगावात टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी नावाची स्वतःची प्रयोगशाळा काढली. तेथे तरुणांना रसायनाचे प्रत्यक्ष काम करण्याची सोय होती. पुष्कळ विद्यार्थी तेथे तयार झाले. त्यांपैकी कोटीभास्कर व भाईलाल अमीन यांच्या प्रयत्नांनी, आणि गज्जरांच्या मार्गदर्शनाने, १९०७ साली अलेंबिक केमिकल वर्क्स हा कारखाना स्थापन झाला. मद्यार्क आणि औषधी टिंक्चर येथपासून त्याची सुरुवात झाली. बंगालमध्ये आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी जे कार्य केले, त्याच जातीचे हे पश्चिम हिंदुस्थानातील कार्य होय. आज औषधाच्या दुकानात अलेंबिकचे नाव दिसते, पण त्यामागे सुतार कुळातील एका शिक्षकाची शिकवण आहे हे थोड्यांनाच ठाऊक असते.

१९२० साली गज्जर यांचे निधन झाले. सुमारे सत्तावन्न वर्षांचे आयुष्य त्यांना लाभले. त्यांच्या प्लेगच्या औषधाचे नाव आज वैद्यकाच्या पुस्तकात नाही. परंतु त्यांनी उभी केलेली शाळा विद्यापीठाचा भाग होऊन चालू आहे, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी काढलेला कारखाना शंभर वर्षे ओलांडून गेला आहे. एका शिक्षकाला याहून मोठे स्मारक कोणते हवे?

आता पुन्हा आपल्या गावाकडे येऊ. रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत आहे. तेथे रसायनांचे कारखाने आहेत. आपल्या समाजातील काही मुले तेथे कामाला जातात. ड्रमवर काय लिहिले आहे हे वाचता न येणारा मुलगा आणि वाचून समजणारा मुलगा यांच्या पगारात फरक पडतो, हे तर खरेच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो, म्हणून गळती झाल्यास खाली बसू नये, वाऱ्याच्या आडव्या दिशेने उंच जागी जावे, हे ज्याला माहीत आहे तो स्वतःचा आणि शेजारच्याचा जीव वाचवू शकतो. ब्लीचिंगचे पाणी आणि संडास धुण्याचे आम्ल एकत्र करू नये, त्यातून हाच विषारी वायू निघतो, हे प्रत्येक घरातील आयाबहिणींना माहीत असले पाहिजे. मिठात आयोडीन का घालतात, ते नसेल तर गलगंड होतो आणि लहान मुलांच्या बुद्धीची वाढ खुंटते, हेही याच धड्यात आहे. आठ-दहा पानांचा हा धडा आपल्या घरापासून दूर नाही.

त्या सुतार पालकांना मी नंतर पुन्हा भेटलो. त्यांना गज्जरांची हकीकत सांगितली. लाकडाला लावायचे पॉलिश, वाळवीचे औषध आणि चिकटवायचा डिंक ही सारी रसायनेच आहेत, हे त्यांना पटायला वेळ लागला नाही, कारण त्यांचा हात रोज त्यांत असतो. मुलगा दहावीपर्यंत शाळेत राहील आणि सुटीत त्यांच्या हाताखाली काम शिकेल, असे आमचे ठरले. पुढे काय होईल ते त्याच्या मेहनतीवर आहे.

पालकांना माझी एवढीच विनंती आहे की मुलाच्या हातातील हत्यार काढून घेऊ नका आणि पुस्तकही काढून घेऊ नका. विद्यार्थ्यांना सांगणे असे की धडा उर्दूतून शिका, मराठीतून शिका वा इंग्रजीतून शिका, पण समजून शिका आणि एक तरी प्रयोग स्वतःच्या हाताने करा. सुरतेच्या एका सुतार घरातील मुलाला हे साधले. पेण-रोह्याच्या मुलांना ते साधणार नाही असे मानण्याचे काही कारण नाही.